कानस आणि कान

गिटार शिकू लागलेली पुष्कळ मुलं-मुली पहिल्याच वर्षात एका ठरावीक जागी अडतात. सी, जी, डी हे कॉर्ड जमतात, ए मायनर बसतो आणि मग एफ येतो. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायच्या असतात. बोट दुखून येतं, दोन तारा मुक्या राहतात, एक करकरते. शिक्षक सांगतात, सराव कर, बोटांत ताकद येईल. सराव होतो, एफ वाजत नाही आणि गिटार कपाटावर जाते.

यात दोष अनेकदा बोटांचा नसतोच. गिटारच्या मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची किंवा प्लॅस्टिकची बोटभर लांबीची पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्यातल्या सहा खाचांतून तारा पुढे जातात. खाचा उथळ असल्या की पहिल्या फ्रेटवर तारा उंच राहतात. शिवाय नटच्या इतक्या जवळ तार दाबायला एरवीही जास्त जोर लागतो. एफ नेमका तिथेच धरायचा असतो. कारखान्यात या खाचा मुद्दाम थोड्या उथळ ठेवतात, कारण उथळ खाच नंतर खोल करता येते, खोल गेलेली भरून काढणं कटकटीचं. उरलेलं काम दुकानाने किंवा गिराइकाने करावं अशी अपेक्षा असते. स्वस्त गिटारच्या बाबतीत ते कुणीच करत नाही.

तपासायची रीत अगदी सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर ती किती तरंगते ते पाहायचं. कागदाचा कपटा जेमतेम सरकेल एवढी फट असली तर नट ठीक आहे. त्याहून बरीच जास्त दिसली, तर एफ न वाजण्याचं कारण सापडलं. जाणत्या हाताने प्रत्येक खाचेवरून बारीक कानस फिरवली की तोच कॉर्ड त्याच बोटांनी वाजू लागतो. गिटारची जुळणी आणि दुरुस्ती वाजवणाऱ्याने स्वतः शिकावी, असं आग्रहाने म्हणण्याचं पहिलं कारण हे आहे. वाद्य नीट लागलेलं नाही हे ज्याला ओळखता येत नाही, तो त्याचा दोष स्वतःकडे घेतो.

दुसरं कारण लाकडाचं. साध्या अकुस्टिक गिटारला हलक्या जाडीच्या पोलादी तारा चढवून त्या सुरात आणल्या की सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. हा ताण पेलायला समोर असते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची स्प्रूसची फळी आणि तिच्या पोटाला आतून चिकटवलेल्या काही काड्या. इतकं पातळ लाकूड हवं असतं, कारण आवाज त्या फळीतूनच येतो. आजच्या स्पॅनिश गिटारचा आकार ज्याच्या हातून ठरला, त्या अंतोनियो दे तोर्रेस या कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या करून, फक्त वरची फळी लाकडी ठेवून एक गिटार बनवली होती. आवाजाचं बहुतेक श्रेय वरच्या फळीचं, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

पण पातळ लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असं बहुतेक गिटार कंपन्या सांगतात. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते, तर मे महिन्यात विदर्भातल्या दुपारी २० टक्क्यांच्या आसपास उतरते. पावसाळ्यात वरची फळी फुगून वर येते, तिच्यावरचा ब्रिज उचलला जातो आणि तारा उंच होतात. उन्हाळ्यात उलटं घडतं. फळी आत बसते, तारा खाली येऊन फ्रेटला घासू लागतात. फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं पण धातूचे फ्रेट आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं बाहेर डोकावून तळहाताला टोचतात. गंमत म्हणजे प्लायवुडची स्वस्त गिटार यात कमी हलते आणि अस्सल लाकडाची महागडी जास्त. १९६९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने ब्राझीलचं रोझवुड दुर्मीळ झाल्यावर पाठीसाठी आणि कडांसाठी भारतीय रोझवुड घेतलं. सह्याद्रीच्या जंगलात ज्याला शिसवी म्हणतात तेच हे झाड. त्याचं लाकूड मार्टिनच्या नाझरेथमधल्या कारखान्यातून घडून परत इथे आलं, तरी इथल्या मोसमाप्रमाणे फुगतं आणि आकसतं.

म्हणून एकदाच कुणाकडून तरी सेटअप करून घेतला आणि काम संपलं, असं होत नाही. कारागीर वर्षातून एखाद्या वेळी भेटतो, हवा मात्र दर दोन-तीन महिन्यांनी पालटते. ज्याच्या हातात गिटार रोज असते त्यालाच फरक आधी जाणवतो. छोटी दुरुस्तीही त्यालाच जमायला हवी.

ही गोष्ट वाद्य बनवणाऱ्यांना फार पूर्वी उमगली होती. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये एका कल्पनेचं पेटंट मिळालं. मानेच्या पोटातून पोलादी सळई न्यायची आणि तिच्या टोकाला फिरवता येणारा बोल्ट ठेवायचा. तारांच्या ताणाने मान पुढे वाकू लागली की बोल्ट आवळून ती सरळ करायची. हाच ट्रस रॉड. तोपर्यंत वाकलेल्या मानेवर उपाय करायचा तर लाकूड तासावं लागे. मार्टिनने फिरवता येणारा ट्रस रॉड स्वीकारायला १९८५ उजाडलं, इतका हा बदल काहींना नको होता.

लिओ फेंडरची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. वादक आपले अ‍ॅम्प्लिफायर आणि गिटार घेऊन येत, त्यांच्या तक्रारी तो ऐकत असे. १९५० मध्ये त्याने ठोकळ्यासारख्या भरीव अंगाची विजेची गिटार बाजारात आणली, तीच पुढे टेलिकास्टर झाली. तिची मान सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी जोडलेली होती. मान बिघडली तर स्क्रू काढायचे, दुसरी लावायची. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तो आणखी पुढे गेला. ब्रिजवर तार जिथे टेकते ती सॅडल प्रत्येक तारेखाली स्वतंत्र, प्रत्येकीची उंची वेगळी लावता येणार, लांबीही वेगळी. रेडिओ उघडून बसणाऱ्या माणसाने वाद्याकडे पाहिलं तेव्हा त्याला दिसलं ते हे, की आज ना उद्या कुणाला तरी हे उघडावं लागणार आहे. १९९९ मध्ये टेलर कंपनीने बोल्टांनी जोडलेली अकुस्टिक गिटारची मानही नव्या पद्धतीने बसवायला सुरुवात केली. तिचा कोन बदलायला पातळ चकत्या पुरतात. जुन्या पद्धतीच्या गिटारमध्ये याच कामासाठी सांध्यात वाफ सोडून मान उखडावी लागते.

घरी गिटारला हात लावणं म्हणजे कंपनीच्या कामात ढवळाढवळ, असं वाटणाऱ्यांनी एकदा आपल्या गिटारवरचे स्क्रू मोजावेत. ते फिरवण्यासाठीच बसवलेले आहेत.

सेटअप म्हणजे नेमकं काय? एकमेकांवर अवलंबून असलेली चार-पाच मापं ठरलेल्या क्रमाने लावत जायची. क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं, कारण प्रत्येक माप पुढच्याला हलवतं. सुरुवात नव्या तारांनी आणि पक्क्या सुराने करायची. जुन्या, गंजलेल्या तारांवर केलेली मोजणी फुकट जाते.

मग मान पाहायची. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबायची. आता ती ताणलेली तार म्हणजेच सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर फट असावी. मान काटेकोर सरळ का नको, असा प्रश्न इथे प्रत्येक नवशिक्याला पडतो. तार कंप पावते तेव्हा तिचा झोका मधोमध सर्वांत मोठा असतो. त्या झोक्याला जागा मिळावी म्हणून मानेला अगदी किंचित खोलगट वाक ठेवतात. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग सूर पुन्हा मिळवायचा आणि पुन्हा मोजायचं. बोल्ट हलत नसेल तर तिथेच थांबायचं. आतली सळई तुटली तर तिच्यासाठी फिंगरबोर्ड उकलावा लागतो, आणि त्या खर्चात साधी नवी गिटार येऊ शकते.

यानंतर नट, आणि मग तारांची उंची. ती बाराव्या फ्रेटवर मोजतात. विजेच्या गिटारला जाड तारेखाली १.६ मिलिमीटरच्या आसपास आणि अकुस्टिकला २.४ च्या आसपास, ही सुरुवातीची मापं. जोरात झोडून वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागतात, हळुवार बोटांनी वाजवणाऱ्याला कमी चालतात. विजेच्या गिटारवर ही उंची स्क्रूने बदलते. अकुस्टिकवर सॅडलची पट्टी काढून तिचा तळ पॉलिश पेपरवर घासावा लागतो, आणि इथे भूमिती लक्षात ठेवावी लागते. बारावा फ्रेट नट आणि सॅडल यांच्या जवळपास मध्यावर असतो. त्यामुळे तिथे तार अर्धा मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल एक मिलिमीटर घासायची. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक जण घासण्यात घाई करतात आणि नवी सॅडल आणतात.

शेवटी सुराचा खरेपणा. फ्रेटची जागा गणिताने ठरलेली असते. व्हिन्सेन्झो गॅलिली, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी सोळाव्या शतकात ल्यूटसाठी अठराचा नियम सुचवला. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा फ्रेट बसवायचा. आज अठराऐवजी १७.८१७ हा आकडा वापरतात. ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट त्या हिशेबाने नटपासून ३६.४ मिलिमीटरवर येतो. पण कागदावरच्या गणितात तार दाबावी लागत नाही. प्रत्यक्षात दाबताना ती ताणली जाते आणि सूर जरा चढतो, जाड तारेचा जास्त. म्हणून सॅडल थोडी मागे सरकवून तारेची लांबी वाढवतात आणि म्हणूनच अकुस्टिक गिटारची सॅडल तिरकी दिसते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यायची, उतरा असेल तर पुढे आणायची.

ही मापं कुणालाही शिकता येतात. त्यानंतरचं सगळं ऐकण्याचं आहे.

तार करकरते म्हणजे ती वाटेत कशाला तरी घासते. कुठे घासते हे करकर कुठे ऐकू येते त्यावरून कळतं. मोकळी तार वाजवल्यावरच करकर होत असेल आणि कुठेही दाबल्यावर जात असेल तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर होत असेल तर मान फार सरळ झाली आहे किंवा मागे गेली आहे. वरच्या फ्रेटवर होत असेल तर तारा एकूणच खाली आहेत. सगळीकडे स्वच्छ आणि एकाच जागी करकर, तर पुढचा एखादा फ्रेट उचललेला आहे. कधी कधी करकर तारेची नसतेच. सैल झालेल्या खुंटीचं वॉशर, पोकळीत उकललेली काडी, पिकअपची सुटलेली वायर यांपैकी काहीही थरथरत असू शकतं. निदान चुकलं की चांगल्या फ्रेटवर कानस चालते. या सगळ्या कामात कानाला कानसेच्या आधीचं स्थान आहे ते याचसाठी.

महाराष्ट्राला या प्रकारच्या ऐकण्याची ओळख जुनी आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यं बनवायला घेतली. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा रुंद माथा कानसेने इतका हलका घासतो की तार त्याला निसटती चाटून जाते आणि तिच्यातून झंकार उमटतो. गिटारमध्ये जे चाटणं दोष आहे, तेच तंबोऱ्याचा प्राण आहे. उद्देश विरुद्ध, पण काम करण्याची पद्धत एकच. एक हलका हात मारायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक हात. गिटार दुरुस्ती शिकणाऱ्या मराठी मुलाने मिरजेच्या एखाद्या कारखान्यात दिवसभर नुसतं बसून पाहावं. कुठल्याही छापील मापातून मिळणार नाही असं काहीतरी तो घेऊन येईल.

स्वतःच्या हाताने काम केलेल्या गिटारांनी काय करून दाखवलं याचे दाखले भरपूर आहेत. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा फ्रेडी मर्क्युरी या नावाने ज्या क्वीन बँडमध्ये गायला, त्या बँडचा गिटारवादक ब्रायन मे. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, त्याने वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महॉगनी वापरलं. फ्रेटच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं आणि कंपनयंत्रणेला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या. क्वीनच्या बहुतेक सगळ्या ध्वनिमुद्रणांत तीच रेड स्पेशल ऐकू येते. विकत घेतलेले पिकअप शिट्टीसारखे किंचाळू लागले तेव्हा त्याने त्यांची वेटोळी अ‍ॅरल्डाइटने गच्च केली. वेटोळ्यांची तार सैल असली की तीच थरथरून आवाज पकडते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. अमेरिकेत एडी व्हॅन हेलनने तोच रोग वितळलेल्या मेणात पिकअप बुडवून घालवला. त्या प्रयोगांत काही पिकअप वितळून गेले, पण त्याने स्वतःच्या हाताने जोडून बनवलेली ती पट्ट्यापट्ट्यांची गिटार २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या प्रदर्शनात मांडली गेली.

दुसरा दाखला नव्या निर्मितीचा नाही, जतनाचा आहे. गायक विली नेल्सन १९६९ पासून मार्टिनची एकच नायलॉन तारांची गिटार वाजवत आले आहेत. तिचं नाव ट्रिगर. बोटांनी वाजवायच्या या गिटारवर त्यांनी प्लेक्ट्रम चालवल्याने वरच्या फळीला आरपार भोक पडलं आहे. ऑस्टिनमधले मार्क अर्लवाइन तिची देखभाल करतात. भोक बुजवण्याच्या नादी न लागता आजूबाजूचं लाकूड सांभाळायचं, हा त्यातला शहाणपणाचा निर्णय आहे. दुरुस्ती शिकताना काय करायचं नाही हे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

हे ज्ञान एकेकाळी दुकानांच्या मागच्या खोलीत बंद असे. १९७३ मध्ये आयर्व्हिंग स्लोन यांचं गिटार दुरुस्तीवरचं पुस्तक आलं, १९७५ मध्ये हिदेओ कामिमोटो यांचं आणि १९९० मध्ये डॅन अर्लवाइन यांचं. १९६८ मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी बँजोच्या सुट्या भागांपासून सुरू झालेल्या स्ट्यूअर्ट-मॅकडोनाल्ड या कंपनीने नटच्या कानसांपासून फ्रेट गोलवण्याच्या हत्यारांपर्यंत सगळं घरपोच विकायला सुरुवात केली. मराठीत मात्र या विषयावर सलग, मापांसकट वाचायला फारसं मिळत नाही. गोव्यात घरोघरी गिटार आहे, मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली क्लास आहेत, कोलकात्यात बनलेल्या गिव्हसनवर इथल्या कित्येक पिढ्या शिकल्या. मापं मात्र प्रत्येकाने तोंडी ऐकून किंवा इंग्रजीतून उचलली.

पुढच्या प्रकरणांत कामांची विभागणी एका कसोटीवर केलेली आहे. केलेलं काम उलटवता येतं का? तारा, स्वच्छता, पिकअपची उंची, विजेच्या गिटारवरची सॅडल, ट्रस रॉडचा पाव फेरा ही कामं जशीच्या तशी मागे घेता येतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. खरखरणारा व्हॉल्यूमचा पॉट काँटॅक्ट क्लीनरने साफ करणं, जॅकची सुटलेली वायर पुन्हा सोल्डर करणं हेही त्यातच येतं, फक्त खिडकी उघडी ठेवून, कारण सोल्डरच्या धुरात श्वास घ्यायचा नसतो. कानस आली की गणित बदलतं. नटची खाच जास्त खोल गेली तर हाडाची पूड किंवा खाण्याचा सोडा खाचेत भरून वर सुपर ग्लूचा थेंब सोडून ती भरता येते, पण ते तात्पुरतं. फ्रेट समपातळीवर घासताना गेलेला धातू परत येत नाही. म्हणून ही कामं आधी टाकून दिलेल्या गिटारवर करावीत. तुटक्या गिटार मिळणं अवघड नाही, क्लासच्या कोपऱ्यात एखादी धूळ खात पडलेली असतेच.

आणि काही कामं कारागिरासाठी सोडावीत. डोक्यापाशी तुटलेली मान हे त्यातलं ठळक उदाहरण. गिब्सनसारख्या गिटारमध्ये डोकं मागे झुकलेलं असतं आणि ट्रस रॉडच्या खाचेने नेमकं तिथलंच लाकूड कमी केलेलं असतं. गिटार पडली की ती तिथेच मोडते. ताजा तुटलेला सांधा चांगल्या लाकडी गोंदाने आणि क्लॅम्पने इतका पक्का बसतो की ओळखू येत नाही. मात्र घाबरून कुणी त्यात फेव्हिक्विक ओतलं, की लाकडाचे तंतू बुजतात, तो थर खरवडावा लागतो आणि सांधा पुन्हा तंतोतंत बसत नाही. जुने कारागीर सरस वापरत, कारण उष्णता आणि ओल दिली की तो सुटतो आणि पुढच्या माणसाला काम करता येतं. तुटलेल्या गिटारचं पहिलं काम म्हणजे तारा सैल करणं आणि तुटलेले कपचे वेचून पाकिटात ठेवणं. गोंद कारागिराने लावावा.

सुरुवातीला लागणारी हत्यारं थोडी आहेत आणि ती गिटारच्या दुकानात शोधायची गरजही नाही. मोटारसायकलचे मेकॅनिक टॅपेटची फट लावायला जे फीलर गेज वापरतात, तेच मानेच्या मापाला चालतं. ते, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी आणि एलन कीचा संच मुंबईत नागदेवीला मिळतो. सोल्डरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत. त्याखेरीज हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, कॅपो, ट्यूनर आणि वही. नटच्या कानसा महाग असतात, त्या पहिल्या सहा महिन्यांत घेऊच नयेत.

वहीत पहिल्या दिवशी लिहायचं ते एवढंच: तारीख, आर्द्रता, तारांची जाडी, सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट, बाराव्या फ्रेटवर जाड आणि बारीक तारेची उंची, पहिल्या फ्रेटवर प्रत्येक तार किती तरंगते ते. त्या दिवशी काहीही फिरवायचं नाही. हीच मापं पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा घ्यायची. ट्रस रॉडला पहिल्यांदा चावी लावण्याआधी आपली गिटार कुठल्या महिन्यात किती हलते, हे वहीतल्या आकड्यांतून समोर असलं पाहिजे.